मामाचा तलाव, भाचीचा हक्क

(२ फेब्रुवारी, जागतिक पाणथळ दिनानिमित्त गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात झालेल्या स्त्रियांच्या मेळाव्यातील भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



सरकारी कागदात तुमच्या गावच्या तलावाला 'मामा तलाव' म्हणतात. 'माजी मालगुजारी' या शब्दांची ही पहिली अक्षरं. पण ऐकताना वाटतं, आईच्या भावाचाच तलाव! मामाच्या घरी भाचीचे लाड होतात, साडीचोळी होते. फक्त आईचा वाटा तेवढा मागायचा नसतो. मागितला की माहेर तुटतं. या तलावांच्या बाबतीत आपलं तसंच झालं आहे. कष्ट करा, भाजी खुडा, मासे विका. वाट्याचं मात्र विचारू नका.

आधी तलावाची गोष्ट सांगते. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी उताराची जमीन हेरली, मातीची पाळ घातली, पाणी सोडायला तुडूम बांधलं आणि धानाला पाणी दिलं. असे काही हजार तलाव पूर्व विदर्भात झाले. मासेमारी ढिवरांकडे होती. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. मालक बदलला, पण पाळ फुटली तर धावायचं कोणी, गाळ काढायचा कोणी, याची जुनी घडी विस्कटली. मासेमारीचा ठेका पुढे सहकारी संस्थांकडे आला.

आता आमचीच एक चूक सांगते. पर्यावरण शिक्षण म्हणजे काय, तर पाणथळ दिनाला मुलांची प्रभातफेरी, पक्ष्यांची चित्रं आणि शहरातून आलेल्या वक्त्याचं भाषण, असं आम्हीही समजत होतो. एका गावात आम्ही सारसाचं चित्र घेऊन बसलो होतो. सारस पाणथळीत आणि धानाच्या बांधीत घरटं करतो, महाराष्ट्रात तो आता मुख्यतः याच भागात उरला आहे, तो वाचवला पाहिजे, असं सांगत होतो. मागे बसलेली एक म्हातारी ढिवर बाई म्हणाली, "पाखरं त आमाले माहीत आहेत बाई. मासे कायले कमी झाले, ते सांगा."

आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही चित्र गुंडाळून ठेवलं आणि सगळ्यांना जमिनीवर खडूने तलाव काढायला सांगितलं. पुरुषांनी पाळ काढली, तुडूम काढलं, सांडवा काढला, कोणाच्या शेताला पाणी जातं ते काढलं. बायांनी काठ काढला. शिंगाडा कुठे, कमळाचे कांदे कुठे, झिंगे कुठे सापडतात, देवधान कुठे पिकतं. देवधान तुम्हाला माहीत आहे. न नांगरता, न पेरता पाण्याच्या काठी येणारं धान्य. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून बाया ते शोधून आणतात. त्या व्रतामागची विटाळाची कल्पना आपल्याला मान्य नाही, ती टाकून द्या. पण ते धान्य आणि त्याची ओळख टाकू नका. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले तेव्हा कुठे पुरा तलाव दिसला.

त्या नकाशावरून म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. काठाच्या बऱ्याच जागी बायांनी एकच शब्द सांगितला : बेशरम. ही अमेरिकेकडून आलेली झुडपं. गुरं खात नाहीत, तोडली तरी फुटतात. ती पसरली की पाण्यातल्या आपल्या वनस्पती मागे हटतात. या वनस्पतींच्या आडोशाला मासे अंडी घालतात, पिल्लं लपतात, किडे-गोगलगायी वाढतात; हिवाळ्यात येणारी बदकंही त्यांवर जगतात. झाडोरा गेला की मरळ, वाघूर यांच्यासारख्या गावच्या माशांचं घर गेलं. त्यांच्या जागी रोहू, कटला, मृगळ यांचं बीज आणून सोडलं गेलं. हे मूळचे नदीचे मासे. वाहत्या पाण्यात अंडी घालणारे. साचल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत. म्हणून दरवर्षी बीज विकत घ्या! शिवाय धानावर फवारलेलं औषध पावसाबरोबर तलावात येतं, ते वेगळंच.

यावर उपाय आहे, आणि तो याच तालुक्यात करून दाखवलेला आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवरांच्या संस्था यांनी उन्हाळ्यात पाणी आटल्यावर बेशरम मुळासकट उपटली, काठाची जमीन नांगरली आणि पावसाळ्यात दुसऱ्या तलावांतून स्थानिक पाणवनस्पती आणून लावल्या. या कामात बाया पुढे होत्या. का नसतील? चिखलात वाकून पऱ्हे रोवण्यात कोणाचे हात तयार आहेत? रोवणी करणाऱ्या बाईला पाणवनस्पती लावायला शिकवावं लागत नाही. कुठली, कुठे आणि कशासाठी, एवढं एकत्र बसून ठरवावं लागतं. आमच्या मते पर्यावरण शिक्षण ते हेच.

पण इथे थांबलो तर आपण बायांना आणखी एक बिनमोल काम दिलं, एवढंच होईल. बेशरम उपटायला बाई, रोप लावायला बाई. आणि ठेक्याची, बीजाची, भावाची चर्चा होते तेव्हा? बहुतेक मच्छीमार संस्थांची सभासद यादी काढून पाहा. नावं पुरुषांचीच जास्त. विचारलं तर उत्तर येतं, "बाई जाळं कुठे टाकते?" मग मासे निवडतं कोण, सुकवतं कोण, टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला जातं कोण? मच्छीमार म्हणजे फक्त जाळं टाकणारा, हे कोणी ठरवलं?

कायद्याचंही थोडं समजून घेऊ. रामसरच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारात माणसाने अडवलेलं पाणीही पाणथळ मानलं आहे. बंधाऱ्यामुळे तयार झालेलं नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर त्या यादीत आलं. पण आपल्या देशाच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी सिंचनासाठी बांधलेले तलाव व्याख्येतून वगळले. म्हणजे तुमच्या तलावात कितीही पक्षी, मासे, वनस्पती असोत, त्या नियमांचा थेट आधार मिळत नाही. काठावर अतिक्रमण झालं, तर आधी गावालाच उभं राहावं लागणार.

उभं राहायला जागा मात्र आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांमध्ये पाणवठ्यातले मासे आणि इतर उत्पन्न यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्या कायद्याखालच्या ग्रामसभेत हजर असणाऱ्यांपैकी किमान एक-तृतीयांश स्त्रिया असल्याशिवाय कोरम पुरा होत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही सांगितली. २००४ च्या नियमांनी त्या समितीत किमान एक-तृतीयांश जागा स्त्रियांना दिल्या. या खुर्च्या रिकाम्या ठेवू नका. आणि आपल्या नावावर नवऱ्याला तिथे बसू देऊ नका.

म्हणून घरी जाताना तीन कामं घेऊन जा. एक, बचत गटाच्या पुढच्या बैठकीत जमिनीवर आपल्या तलावाचा नकाशा काढा. म्हाताऱ्या बायांना आणि शाळेतल्या मुलींना शेजारी बसवा. मुलीने लिहावं, आजीने सांगावं. दोन, ती यादी गावच्या नोंदवहीत चढवून घ्या. गाळ काढायला यंत्र येईल तेव्हा देवधानाचा आणि कमळाचा काठ सोडून खणा, असं त्या नोंदीच्या आधारे सांगता येईल. तीन, मच्छीमार संस्थेत सभासदत्वाचा लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. नाकारलं तर कारणही लेखी मागा. एकटीने जाऊ नका, दहाजणी मिळून जा.

मासे कायले कमी झाले, असं विचारणारी ती म्हातारी आम्हाला शिकवून गेली. तिच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर पाण्यात होतं, अर्धं संस्थेच्या कपाटात. बेशरम उपटायला आपण शिकलो आहोत. आता ते कपाट उघडायला शिकू या.