आईचा प्रश्न : हे कुठे लिहून तर ठेवणार नाही ना?



मी मूळची सोलापूरची. गेली अठरा वर्षं नोएडात राहते आणि शाळेत समुपदेशक म्हणून काम करते. आज मी एका आईनं विचारलेल्या एका प्रश्नाबद्दल बोलणार आहे. त्या प्रश्नाला मी तेव्हा चुकीचं उत्तर दिलं होतं.

काही वर्षांपूर्वी दहावीतल्या एका मुलाची आई माझ्या खोलीत आली. मुलगा रात्र रात्र मोबाइलवर व्हिडिओ बघायचा. अमुक लोकांना या देशात राहायचा हक्कच नाही, असं जेवताना म्हणायचा. शाळेत त्यानं बाकावर कर्कटकानं एक घोषणा कोरली होती. तो कुठल्या धर्माचा, कुठल्या विचाराचा, हे मी सांगणार नाही. तुम्ही मनात एक अंदाज बांधला असेलच. तो जरा बाजूला ठेवा, कारण अशा अंदाजांवरूनच पुढे नोंदी होतात.

सगळं सांगून झाल्यावर आईनं विचारलं, "मॅडम, हे कुठे लिहून तर ठेवणार नाही ना?"

मी म्हणाले, "नाही हो, काळजी करू नका."

मी मनापासून बोलले होते. पण वर्गशिक्षकांनी शाळेच्या घटना नोंदवहीत आधीच लिहून ठेवलं होतं, 'विद्यार्थी कट्टर विचारांचा आहे.' मी चौकशीच केली नव्हती. चार महिने तो मुलगा माझ्याकडे येत राहिला. हळूहळू बोलू लागला, चिडणं कमी झालं. मग वडिलांची बदली झाली. नव्या शाळेनं जुनी माहिती मागितली. आमच्याकडच्या कोणीतरी वहीच्या त्या पानाचा फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर पाठवून दिला.

दोन आठवड्यांनी आईचा फोन आला. नव्या शाळेत पहिल्याच दिवशी कोणीतरी मुलाला विचारलं होतं, "तूच का तो?" त्यानंतर तो कुठल्याही समुपदेशकासमोर बसायला तयार झाला नाही. आई एवढंच म्हणाली, "तुम्ही तर नाही म्हणाला होतात."

यात पोलीस नव्हते, न्यायालय नव्हतं, गुन्हा तर नव्हताच. एक वही, एक विशेषण आणि एक फोटो. तेवढ्यानं चार महिन्यांचं काम वाया गेलं.

आता थोडं मोठं चित्र बघू. १० नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी लाल किल्ल्याच्या मेट्रो स्थानकाजवळ गाडीत स्फोट झाला. माणसं गेली. त्याच दिवशी फरिदाबादमध्ये स्फोटकांचा मोठा साठा सापडल्याचं जाहीर झालं होतं आणि तपासात चक्क डॉक्टरांची नावं पुढे आली. दिल्लीत राहणाऱ्या प्रत्येकानं त्या रात्री घरच्यांना फोन केले, मीही केले. पुढचे कित्येक दिवस भाडेकरूंची पडताळणी चालली होती आणि आपल्याकडे वेगळ्या नजरेनं बघितलं जातंय, अशी तक्रार काश्मिरी विद्यार्थी करत होते. आणि त्याच आठवड्यात, १४ नोव्हेंबरला, केंद्र सरकारनं डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम जाहीर केले. एकाच शहरात, पाच दिवसांच्या आत, एकीकडे 'सगळ्यांची माहिती गोळा करा' आणि दुसरीकडे 'माणसाची माहिती जपा'. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत असं आपल्याला वाटतं. मला तसं वाटत नाही. का, ते सांगते.

माणूस कट्टरतेकडे झुकतोय, हे सगळ्यात आधी कोणाला कळतं? गुप्तचरांना नाही. आईला कळतं, बहिणीला कळतं, खोलीतल्या मित्राला कळतं. २०१४ साली कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंबरोबर इराकला गेले आणि आयसिसकडे वळले, हे आपल्याला आठवत असेल. तेव्हा पोलीस ठाण्यात धावत गेले ते घरचेच. त्यानंतर महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकानं अशा वाटेवरच्या मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलायला, समजावायला सुरुवात केली. दिल्लीत केंद्रीय गृह मंत्रालयानं २०१७ मध्ये दहशतवाद आणि कट्टरता यांच्या विरोधात काम करणारा स्वतंत्र विभाग उभा केला. म्हणजे नुसती अटक पुरेशी नाही, आधीच हात धरायला हवा, हे सरकारलाही पटलेलं आहे.

पण हात धरायचा तर घरच्यांनी येऊन सांगायला हवं. आणि आपलं बोलणं कुठे जाईल याची खात्री नसेल, तर कुठली आई येईल?

गडचिरोलीचं उदाहरण घ्या. महाराष्ट्रात २००५ पासून नक्षल आत्मसमर्पण योजना आहे. अलीकडच्या काळात तिथल्या पोलीस ठाण्यांत आणि पोलीस मदत केंद्रांत 'पोलीस दादालोरा खिडकी' सुरू झाली. आधार, जातीचा दाखला, सरकारी योजनांचे अर्ज, सगळं एका खिडकीवर. मी या कामावर बोट ठेवत नाही. ज्या गावाहून तहसीलला जायला दिवस मोडतो, तिथे हे काम मोलाचं आहे. पण खिडकीपलीकडे आधारची झेरॉक्स घेणारा आणि 'गावात रात्री कोण आलं होतं?' असं विचारणारा, दोघांचा गणवेश एकच असतो. हे दोन कागद वेगळ्या फायलीत जातात की एकाच, हे गावकऱ्याला कसं कळणार? कोणी स्पष्ट सांगितलं तरच कळेल.

आता आमच्या एनसीआरकडे या. इथे एखादं मूल राहतं गाझियाबादला, शाळेत जातं मयूर विहारला आणि वडील कामाला गुरुग्रामला. राहतं त्या ठिकाणी उत्तर प्रदेशचे पोलीस, शाळेपाशी दिल्लीचे, म्हणजे केंद्राच्या हाताखालचे, आणि वडिलांच्या ऑफिसपाशी हरियाणाचे. एका ठिकाणी नोंद झाली तर तिन्हीकडे पोहोचायला वेळ लागत नाही. ती चुकीची होती असं कळलं, तर ती दुरुस्ती तिन्हीकडे पोहोचवायची कोणी? हे काम कुणाच्याच टेबलावर नसतं. आणि पाच वर्षांनी तोच मुलगा पासपोर्टला अर्ज करतो, भाड्यानं खोली शोधतो, नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी होते.

कायदा काय म्हणतो? इथे एक गंमत आहे, खरं तर गंमत नाही. अल्पवयीन मुलानं गुन्हा केला, तर बाल न्याय अधिनियम २०१५ त्याला नव्यानं सुरुवात करू देतो. त्याची ओळख उघड करता येत नाही. अपिलाची मुदत संपली की, काही गंभीर अपवाद सोडले तर, दोषसिद्धीच्या नोंदी नष्ट करायच्या, असं कायद्यातच लिहिलंय. पण ज्या मुलानं गुन्हाच केला नाही, ज्याच्याबद्दल फक्त एका शिक्षकाला काळजी वाटली, त्याच्या नोंदीला अशी तारीखच नाही. गुन्हा केलेल्याची पाटी पुसली जाते आणि न केलेल्याची तशीच राहते.

'कट्टरता' या शब्दाची आपल्या कायद्यात व्याख्याही नाही. व्याख्या नसलेला शब्द शिक्षकानं वहीत लिहिला, तर मुलानं तो खोटा तरी कसा ठरवायचा?

नवा माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या मे २०२७ पासून लागू होतील. तो कामाचा आहे, पण त्याच्या मर्यादा समजून घ्या. पहिली, तो डिजिटल माहितीला लागू होतो. जाड पुठ्ठ्याची वही त्याच्या बाहेर. तिचा फोटो काढला की ती कायद्यात आली. दुसरी, आपली माहिती पुसून टाका असं तुम्ही खासगी कंपनीला म्हणू शकता, पण सरकारी यंत्रणेला माहिती पुसण्याचं ते बंधन लागू नाही. तिसरी, गुन्हा रोखण्यासाठी किंवा तपासासाठी माहिती वापरली, तर संमतीसह बरेच नियम बाजूला होतात. माहिती सुरक्षित ठेवायची जबाबदारी तेवढी उरते. आणि सुरक्षेच्या कारणासाठी केंद्रानं एखादी यंत्रणा अधिसूचित केली, तर तिला हा कायदाच लागू नाही.

मग काहीच करता येत नाही का? येतं. दिल्लीतलंच उदाहरण आहे. २०२२ मध्ये दिल्ली पोलिसांनी ओखल्याचे आमदार अमानतुल्ला खान यांची 'हिस्टरी शीट' उघडली. त्यात त्यांच्या अल्पवयीन मुलांचीही माहिती होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सुनावणी चालू असतानाच, मार्च २०२४ मध्ये, दिल्ली पोलिसांनी आपला स्थायी आदेश बदलला : मुलानं आरोपीला आसरा दिल्याचा पुरावा असल्याशिवाय अल्पवयीन नातेवाइकांचे तपशील हिस्टरी शीटमध्ये लिहायचे नाहीत. ७ मे २०२४ च्या निकालात न्यायालय म्हणालं की हिस्टरी शीट हा पोलिसांचा अंतर्गत कागद आहे, तो बाहेर फिरता कामा नये. वरिष्ठ अधिकाऱ्यानं अशा नोंदी ठरावीक काळानं तपासाव्यात आणि इतर राज्यांनीही दिल्लीसारखे बदल करण्याचा विचार करावा, असंही सांगितलं. हे प्रकरण कट्टरतेचं नाही. पण लिहिण्याची पद्धत बदलता येते, आणि ती एका स्थायी आदेशानं बदलता येते, हे त्यातून दिसतं.

ब्रिटनमध्ये तर हे काम कायद्यानंच स्थानिक परिषदांवर टाकलंय. २०१५ च्या कायद्यानुसार प्रत्येक परिषदेचं एक पॅनल असतं. शाळा, डॉक्टर, पोलीस तिथे माहिती देतात आणि मदत ठरते. तिथे अकरा वर्षांच्या एका मुलाबद्दल अशी नोंद झाली. काळजीचं कारण नाही म्हणून प्रकरण बंद झालं, तरी नोंद पोलिसांच्या संगणकात राहिली. आई लढली. सप्टेंबर २०२० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं ती माहिती ठेवणं बेकायदेशीर ठरवलं. मुलगा तोवर सोळा वर्षांचा झाला होता.

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. एका पोलीस अधिकाऱ्यानं मला थेट विचारलं, "मॅडम, उद्या त्या मुलानं काही केलं आणि तुम्ही आम्हाला सांगितलंच नव्हतं, तर?"

प्रश्न रास्त आहे. कोणाच्या जिवाला धोका दिसला, तर मी त्याच तासाला सांगेन. आईची परवानगी मिळायची वाट बघणार नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही असाच चालतो : रुग्णाचं बोलणं गुप्त, पण जिवाला किंवा सार्वजनिक सुरक्षेला धोका असेल तर त्याला अपवाद. तो अपवाद कायद्यात लिहिलेला आहे, म्हणून रुग्णाला आधीच माहीत असतं की कुठवर गुप्त आणि कुठून पुढे नाही. २०१७ च्याच २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यांचंही म्हणणं हेच होतं : हक्कावर मर्यादा येऊ शकते, पण त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि घेतलेलं पाऊल गरजेपुरतंच हवं.

त्या फोननंतर मी माझ्या कामाची पद्धत बदलली. चार साध्या गोष्टी आहेत. शाळेत, पोलीस चौकीत, बाल कल्याण समितीत, जिल्हाधिकारी कार्यालयात, कुठेही चालतील.

एक. आधी सांगा, मग लिहा. समोरचा बोलायला लागण्यापूर्वीच मी सांगते की मी काय लिहिते, ते कोण वाचतं आणि कुठल्या परिस्थितीत मी ते पोलिसांना सांगेन.

दोन. जे पाहिलं ते लिहा, विशेषण नको. 'मंगळवारी बाकावर अमुक घोषणा कोरली' ही नोंद झाली. 'कट्टर आहे' हा निकाल झाला. नोंद तपासता येते, निकाल तपासता येत नाही.

तीन. मदतीची वही आणि पाळतीची वही वेगळी ठेवा. एका वहीतली गोष्ट दुसरीत न्यायची असेल तर एकट्यानं ठरवू नका. दोघांनी ठरवा आणि का नेली ते सहीनिशी लिहा.

चार. प्रत्येक नोंदीवर शेवटची तारीख घाला. त्या दिवशी ती उघडा. गरज असेल तर कारण लिहून ठेवा, नसेल तर फाडा. आणि जिथे जिथे पाठवली होती, तिथे तिथे तसं कळवा.

यानं तपास अडत नाही, उलट लवकर सुरू होऊ शकतो, कारण आई वेळेवर येते. आपण कोणाचीच गुपितं जपली नाहीत, तर शेवटी आपल्याला कळतं ते स्फोटानंतर, आणि तेव्हा नोंदी कितीही असल्या तरी उपयोग नसतो.

गेल्या महिन्यात आणखी एक आई माझ्यासमोर बसली होती. तिनं तोच प्रश्न विचारला. या वेळी मी 'नाही' म्हणाले नाही. मी म्हणाले, "लिहिणार आहे. काय लिहिते ते तुम्हाला वाचून दाखवते. ही वही माझ्या कपाटात असते, किल्ली माझ्याकडे. कोणाला इजा होईल असं दिसलं तर मी सांगेन, आणि आधी सांगणं शक्य असेल तर तुम्हाला सांगून सांगेन. मुलाचं शाळेतलं वर्ष संपलं की आपण दोघी मिळून हे पान बघू."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग पर्समधून फोन काढला, मुलगा रात्री काय काय बघतो ते दाखवण्यासाठी.