वृद्धाश्रमांतील लसीकरण : संरक्षण किती आणि कसे?



फेब्रुवारी २०२१ चे दिवस आपण विसरला नसाल. करोनाच्या दुसऱ्या लाटेची झळ वऱ्हाडाला आरंभीच लागली. अमरावती व अचलपूर शहरांत २२ फेब्रुवारीच्या सायंकाळपासून टाळेबंदी लागू झाली. लगेच १ मार्चपासून साठ वर्षांवरील नागरिकांचे लसीकरण देशभर सुरू झाले. लस टोचली म्हणजे वृद्धाश्रम सुरक्षित झाला काय, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. त्याचे उत्तर पुढील काळासाठीही महत्त्वाचे आहे.

वृद्धाश्रमाचा धोका निराळा

वृद्धाश्रमात निवास, पंगत आणि न्हाणीघर सामायिक असते. कित्येकांना मधुमेह वा हृदयविकार जडलेला असतो. वयोमानाप्रमाणे शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते आणि लसीलाही ती तरुणांइतका जोमदार प्रतिसाद देत नाही. शिवाय, अंथरुणाला खिळलेली व्यक्ती रोगाला सामोरी जात नाही. रोगच बाहेरून तिच्या खाटेपर्यंत आणला जातो.

आकडे काय सांगतात?

इंग्लंडमधील ३१० निवासी केंद्रांतील १०,४१२ वृद्धांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील अनेकांना दिलेली एक लस म्हणजे पुण्यात ‘कोविशील्ड’ नावाने तयार झालेलीच लस होय. पहिल्या मात्रेनंतर पाच ते सात आठवड्यांनी संसर्गाचा धोका सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. याचा अर्थ लस घेतलेल्या शंभरांपैकी अडतीस जण आजारी पडतात, असा मात्र नव्हे. लस न घेतलेल्या शंभर जणांना जेथे लागण झाली असती, तेथे तितक्याच लसवंतांपैकी सुमारे अडतीस जणांना झाली असती, असा तो हिशेब आहे.

अमेरिकेत निराळ्या लसी वापरल्या गेल्या. तेथील शुश्रूषागृहांत दोन मात्रांमुळे संसर्गापासून मिळणारे संरक्षण मार्च ते मे २०२१ मध्ये सुमारे ७५ टक्के होते; डेल्टा विषाणू पसरल्यावर, जून-जुलैमध्ये, ते ५३ टक्क्यांवर आले. विषाणू रूप पालटतो आणि काळाबरोबर संरक्षणही ओसरते. मात्र गंभीर आजार व मृत्यू यांपासून लस अधिक भक्कम आणि अधिक काळ रक्षण करते. लसीचे खरे मोल येथेच आहे. शेताचे कुंपण एकदा घातले म्हणून कायमचे टिकत नाही. तसेच हे आहे. म्हणूनच १० जानेवारी २०२२ पासून सहव्याधी असलेल्या ज्येष्ठांना, आणि १६ मार्च २०२२ पासून साठीवरील सर्वांना, दक्षता मात्रा देण्यात येऊ लागली.

ओळखपत्राविना कोणी वंचित नको

निराधार वृद्धापाशी पुष्कळदा कोणतेच ओळखपत्र नसते. अशांसाठी केंद्र शासनाने मे २०२१ मध्ये विशेष सत्रांची कार्यपद्धती ठरविली. तीत वृद्धाश्रमांतील नागरिकांचा स्पष्ट उल्लेख होता. त्याच महिन्यात ज्येष्ठ व दिव्यांग यांच्यासाठी घराजवळील लसीकरण केंद्रांची योजना आली. सवलत कागदावर असून भागत नाही. ती मागण्यासाठी चालकांनी पुढे यावे लागते.

आपले कर्तव्य

प्रत्येक निवाशाच्या मात्रांची तारीखवार नोंदवही ठेवावी. स्वयंपाकी, सफाई कामगार व परिचारक यांचे लसीकरण आधी पाहावे, कारण बाहेरच्या जगाशी रोजचा संबंध त्यांचाच येतो. ताप-खोकला असलेल्या सेवकास पगार न कापता रजा द्यावी. पगाराच्या भीतीने तो आजार लपवील आणि त्याची किंमत वृद्धांना मोजावी लागेल. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. पुढील मात्रेविषयी आरोग्य अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र नाहीसा झालेला नाही. निराधारांची सेवा हाच धर्म मानणाऱ्या संत गाडगेबाबांची ही भूमी आहे. ज्यांना स्वतः केंद्रापर्यंत चालत जाता येत नाही, त्यांच्यापर्यंत लस पोहोचविणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे. ते आपण पार पाडाल, असा मला विश्वास वाटतो.