दोन भिंगांचा कॅमेरा

अनेक घरांच्या कपाटांतून चामडी पेटींत जपून ठेवलेला एक जुना कॅमेरा सांपडतो. आकार उभट, रंग काळा, आणि समोर एकावर एक बसविलेलीं दोन भिंगें. आजोबांच्या मागें इतकीं वर्षें मुका राहिलेला हा कॅमेरा एखादी नात हौसेनें खालीं काढते आणि पहिलें छायाचित्र आजीचें घ्यावयाचें असें ठरविते. आजीचें वय नव्वदीकडे झुकलेलें असतें. फिल्म बिघडली तर पुढच्या वर्षीं पाहूं, असें म्हणण्याची सोय तिच्या बाबतींत फारशी नसते.

या जातींत सर्वांत नांवाजलेला कॅमेरा म्हणजे रोलायफ्लेक्स. जर्मनींतील ब्राउनश्वाइग येथील फ्रांके आणि हायडेके यांच्या कारखान्यानें तो १९२९ सालीं बाजारांत आणला. त्यापूर्वीं हा कारखाना तीन भिंगांचे कॅमेरे करीत असे. कडेच्या दोन भिंगांनीं जोडचित्र घ्यावयाचें आणि मधल्या भिंगांतून नुसतें पाहावयाचें. त्यांतलें एक भिंग गाळून उरलेलीं दोन एकावर एक उभीं केलीं, कीं रोलायफ्लेक्सची कल्पना हातीं येते. वरचें भिंग फक्त पाहतें. फिल्मवर चित्र उमटतें तें खालच्या भिंगांतून. शिकणाराच्या पुष्कळशा चुकांचें मूळ या वाटणींत आहे. खालच्या भिंगापुढें बोट किंवा गळ्यांतला पट्टा आला, तरी वरच्या कांचेवर सारें निर्मळच दिसत राहतें, आणि फसगत कळते ती फिल्म धुवून आल्यावर!

पण त्याच्याहि आधीं फिल्म भरण्याची परीक्षा असते. १९३७ सालीं निघालेल्या ‘ऑटोमॅट’ जातींत फिल्मचा कागद प्रथम दोन बारीक रुळांच्या मधून न्यावा लागतो. कागदाला फिल्म जोडलेली जागा आली कीं वाढलेली जाडी त्या रुळांना जाणवते आणि आंकडा एकवर येऊन हत्ती थांबते. घाईंत कागद रुळांवरूनच नेला, तर हत्ती फिरतच राहते आणि एकहि चित्र न घेतां सारी फिल्म पलीकडे गुंडाळली जाते. एका गुंडाळींत सहा सेंटिमीटर चौरसाचीं अवघीं बारा चित्रें; तीं अशीं गमावण्यापेक्षां एखादी वाया गेलेली फिल्म घेऊन हा हात आधीं बसवावा, हें बरें.

यंत्र म्हातारें झालेलें असतें, हेंहि विसरूं नये. तेल वाळून शटरचे मंद वेग अधिकच मंदावतात, दमट हवेंत भिंगांवर बुरशी धरते. शटर चढविल्यावर सर्वांत जलद वेग लावण्याचा मोह टाळावा. तो आधींच लावून ठेवावा. या कॅमेऱ्यांत प्रकाशमापक नाहीं, पण त्यावांचून फारसें अडत नाहीं. शंभर गतीच्या फिल्मला स्वच्छ उन्हांत सोळाचें छिद्र आणि सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. दाराशींच्या मोकळ्या सावलींत वेग तोच ठेवून छिद्र साडेपांचाच्या जवळपास उघडावें. मात्र छिद्र मोठें झालें कीं स्पष्टतेचा पट्टा अरुंद होतो. म्हणून झडपेंतलें छोटें भिंग उघडून आजीच्या डोळ्यांवरच रेखीवपणा साधावा. नाकावर साधला तर डोळे निसटतात.

हें सारें धांवपळींत करणें किती अवघड असेल, याची कल्पना होमाई व्यारावाला यांच्या कामावरून येते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या, भारतांतील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बाईंनीं १९४७ च्या सत्तांतराचीं चित्रें घेतलीं. त्यांच्या कॅमेऱ्यांत रोलायफ्लेक्सहि होता. बारा चित्रें झालीं कीं भर गर्दींत फिल्म बदलणें आलेंच.

आजीपुढें मात्र घाई नाहीं. कॅमेरा छातीच्या खालीं धरून नात मान लववून कांचेंत पाहते. तिच्या आणि आजीच्या मध्यें यंत्र आडवें येत नाहीं, त्यामुळें आजीहि सहज बोलत राहते. कांचेवरचें चित्र उभें असलें तरी डावें-उजवें उलटें असतें. आजी एका बाजूस सरकली कीं कॅमेरा भलतीकडेच वळतो, आणि तो योग्य दिशेनें वळूं लागेपर्यंत दोन-चार दिवस जातात. आजीचा डाव्या खांद्यावरचा पदर तेथें उजव्या खांद्यावर दिसतो. आरशाचेंच हें काम. म्हणजे आजी जन्मभर स्वतःला जशी पाहत आली, तशीच ती नातीला या कांचेवर दिसते.

आठवड्यानें कागदावर उतरलेलें चित्र आजीच्या हातीं येतें. पदर पुन्हां डाव्या खांद्यावर गेलेला असतो. आजी चष्मा पुसते, चित्र उजेडाकडे धरते आणि म्हणते, “ही कोण? ही मी नव्हे.” नात हंसते, आणि उरलेलीं अकरा चित्रें तिच्यापुढें मांडते.