प्रगती मोजायची कशी?



बाबासाहेब समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजत. 1942 साली नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी तसे सांगितले. 2011 च्या जनगणनेत देशातील बौद्धांची साक्षरता 81 टक्के, स्त्रियांची 74. अभिमान वाटतो. पण जनगणनेत समजून लिहिता-वाचता आले की माणूस साक्षर. मुलीची शाळा सातवीत सुटली तरी ती साक्षरच!

आम्ही बँकेतली माणसे आणखी एक खूण पाहतो. पासबुक बाईच्या नावावर, सहीही तिचीच, रक्कम मात्र दुसऱ्याच्या खिशात. असे खाते कागदावर प्रगतीच दाखवते.

तेव्हा विद्यार्थ्यांनी वही घेऊन यंदा वस्तीत घरोघर जावे. दहावीनंतर किती मुली शिकत आहेत? किती भगिनी आपले खाते स्वतः चालवतात? पुढच्या वर्षी पुन्हा त्याच घरी, तेच प्रश्न.