सहीच्या अगोदर शिकायचा कायदा
(विष्णुपुरी येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



भावाचा आणि कर्जमुक्तीचा मुद्दा या मांडवात अगोदरच मांडून झाला आहे. त्यावर मला वेगळे काही बोलायचे नाही. शेतकरी कर्जात आहे तो उधळ्या आहे म्हणून नाही, तर पिकवलेल्या मालाचा खर्चसुद्धा भरून निघत नाही म्हणून, हे आपण चाळीस वर्षांहून अधिक काळ सांगत आलो. कायदा शिकल्याने सोयाबीनचा भाव वाढत नाही, हे मलाही कळते. पण भावाचा लढा जिंकेपर्यंत कागदावरच्या सह्या काही थांबत नाहीत. म्हणून आज मी बोलणार आहे ते मागे बसलेल्या पोरापोरींशी.

तुमच्यात कोणी बँकमित्र आहे, कोणी पतसंस्थेत कारकून आहे, कोणी बायकांच्या गटांना कर्ज देणाऱ्या कंपनीत वसुलीला आहे, कोणी विम्याचा एजंट आहे. रिझर्व्ह बँकेने २००६ साली बँकांना गावोगाव प्रतिनिधी नेमायला परवानगी दिली, तेव्हापासून ही कामे वाढली. आजवर टेबलाच्या पलीकडे साहेब बसायचा आणि अलीकडे आपण. आता पलीकडेही आपलेच पोर बसते. बाप ज्या कागदावर अंगठा देतो तो कागद पोरगा पुढे करतो. मग त्या पोराला त्या कागदाचा अर्थ माहीत असायला नको का?

कंपनी तुम्हाला काय शिकवते? फॉर्म कसा भरायचा, महिन्याचे टार्गेट किती. अंगठा उठल्यावर त्या माणसाचे काय होते, हे शिकवत नाही. वाणिज्य शाखेत व्यापारी कायदा हा विषय असतो. आपले स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ पासून इथे विष्णुपुरीतच आहे. पण परीक्षा झाली की तो विषय गाईडासकट रद्दीत जातो. विष्णुपुरीचे पाणी पंपाने उचलून कालव्यात टाकल्याशिवाय रानात येत नाही. कायद्याचेही तसेच आहे. पुस्तकातून उचलून वहिवाटीत आणल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

जुनी गोष्ट आहे, पण लागू पडते. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरे, दुकाने गाठली. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. या लोकांनी मुख्यतः मागितले काय? कर्जरोखे आणि वह्या. त्या घेतल्या आणि जाळल्या. कारण व्यवहार एक झाला होता आणि कागदावर दुसरेच लिहिले होते. कोर्ट कागद बघायचे, व्यवहार बघायचे नाही. सरकारला १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. त्यात न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासता येऊ लागला, आणि रोखे नोंदणी कामगारासमोर व्हावेत, कर्जदाराला पावती मिळावी, अशा तरतुदी आल्या. मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता, आपल्याला तो कायदा लागू नव्हता. धडा मात्र आपल्यालाही आहे. रोखे जाळून जे मिळवावे लागले, ते सही करण्याअगोदर वाचून मिळत असेल तर वाचलेले बरे.

आता मूळ गोष्टी सांगतो. वकील व्हायची गरज नाही, एवढ्या आल्या तरी पुष्कळ झाले.

पहिली गोष्ट करार. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. करार खरा ठरायला दोन्ही बाजूंची मोकळी संमती लागते, करणारे सज्ञान आणि शुद्धीवर असावे लागतात, देवाणघेवाण आणि हेतू कायदेशीर असावा लागतो. धाकाने, फसवून किंवा आपल्या वजनाचा गैरफायदा घेऊन घेतलेली संमती मोकळी नव्हे. असा करार फसलेल्या माणसाला रद्द करून घेता येतो. पण ते कोर्टात सिद्ध करायचे ओझे बहुधा त्याच्याच डोक्यावर येते. म्हणून कागद वाचून दाखवणे हे तुमचे उपकार नाहीत, ते तुमचे काम आहे.

दुसरी गोष्ट जामीनकी. यात आपली सर्वांत जास्त घरे बुडाली. गावात समज असा की जामीनदार म्हणजे साक्षीदार. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला सही दिली, चहा घेतला, घरी आलो. कायद्याचे कलम १२८ सांगते की करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे. अगोदर कर्जदाराला गाठा, मग माझ्याकडे या, असे त्याला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ सालीच हे स्पष्ट केले आहे. पण जामीनदाराला हक्कही आहेत. त्याला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या तर त्या पुढच्या व्यवहारातून तो सुटतो. बँकेने तारण हातचे घालवले तर त्या किमतीपुरता तो मोकळा होतो. त्याने पैसे भरले तर मूळ कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क त्याला मिळतो. मात्र हे हक्क सोडून दिल्याचे वाक्य छापील फॉर्मात पुष्कळदा बारीक अक्षरात असते. तेच वाक्य जामीनदाराला मोठ्याने वाचून दाखवा. मग तो सही करो वा न करो.

तिसरी गोष्ट चेक आणि कोरा कागद. १८८१ च्या कायद्याप्रमाणे मुद्रांक लावलेली अर्धवट वचनचिठ्ठी सही करून दिली, की ती मुद्रांकाच्या मर्यादेपर्यंत भरून घ्यायचा अधिकार घेणाऱ्याला मिळतो. स्वखुशीने सही करून दिलेला कोरा चेकही दुसऱ्याने भरला म्हणून आपोआप बाद ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. चेक न वटल्यास बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस, आणि त्यानंतर एक महिन्यात फिर्याद, असा कलम १३८ चा क्रम आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण काही रक्कम फेडलेली असताना ती चेकवर न नोंदवता पूर्ण रकमेचा चेक लावला, तर हे कलम लागू होत नाही, असा २०२२ चा निकाल आहे. फेडले हे दाखवायला मात्र पावती लागते. पावतीशिवाय दिलेला पैसा कोर्टात दिसत नाही. आणि तुम्ही पोरांनो, पावतीशिवाय रोकड घेऊ नका. तो पैसा चुकला तर विश्वासघाताचा गुन्हा तुमच्या नावावर लागतो, साहेबाच्या नाही.

चौथी गोष्ट तारण. खासगी सावकार म्हणतो, खरेदीखत करून द्या, पैसे फिटले की जमीन परत लिहून देतो. लक्षात ठेवा, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे परतीची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण धरत नाहीत. तोंडी शब्द हवेत जातो, जमीन सावकाराकडे जाते. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात अशा जमिनींची चौकशी करून त्या परत देवविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला आहे. ज्याचे असे प्रकरण असेल त्याने तिकडे लेखी अर्ज करावा. बँकांच्या जप्तीचा जो २००२ चा कायदा आहे, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. पण म्हणून जमीन सुरक्षित झाली असे समजू नका. सहकारी संस्थेला १९६० च्या कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो, आणि त्यावर कोर्टात दावा न लावता जप्ती आणि लिलाव होतो. सोनेतारणात घरातल्या बाईचे डोरले असते. ते विकण्याअगोदर तिला रीतसर नोटीस देणे करार कायद्याने बंधनकारक आहे. दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा १ जानेवारी २०२५ पासूनचा नियम आहे.

पाचवी गोष्ट हिशेब. पीककर्जाचे व्याज दर तीन महिन्यांनी मुद्दलात मिसळून चक्रवाढ लावता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा निकाल आहे, कारण शेतकऱ्याच्या हातात पैसा तिमाहीला येत नाही, सुगीला येतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी किरकोळ कर्जदाराला व्याज आणि सगळे खर्च एकत्र दाखवणारे माहितीपत्रक त्याला समजेल अशा भाषेत द्यायचे आहे. मराठी माणसाला इंग्रजी कागद दिला तर नियम मोडला. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत द्यायची, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. बेबाकीचा दाखला घ्या आणि सातबाऱ्यावरचा बोजा उतरवून घ्या. कर्ज फिटून बोजा तसाच राहिला तर पुढच्या पिढीला तो भोवतो.

विम्याच्या पोरांना एकच सांगतो. विम्याचा करार पूर्ण विश्वासाचा असतो. गिऱ्हाइकाचा आजार तुम्ही अर्जात लिहिला नाही, तर पहिल्या तीन वर्षांत कंपनी त्याच कारणाने जीवनविमा नाकारू शकते. मग त्याची विधवा तुमच्याच दारात येईल. तिला काय उत्तर देणार?

तक्रार कुठे करायची हेही शिका. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. पतसंस्था ही बँक नव्हे. तिची तक्रार सहकार निबंधकाकडे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. नावात काहीही असो, ठेव घेताना हे सांगा. कमिशन बुडाले तर बुडू द्या.

काही जण म्हणतील, हे सगळे सांगत बसलो तर टार्गेट कसे पुरे होणार, नोकरी जाईल. तुमची अडचण मी हलकी समजत नाही. पण हिशेब करून पाहा. समजून घेतलेले कर्ज फिटायची शक्यता जास्त, न समजता दिलेले थकले की वसुलीला त्याच दारात तुम्हालाच पाठवतात. ते दार तुमच्या मावशीचे, चुलत्याचे असते.

म्हणून या बैठकीसमोर तीन कामे ठेवतो. एक, प्रत्येक तालुक्यात अशा नोकरीतल्या पोरापोरींनी महिन्यातून एक संध्याकाळ जमावे आणि एक छापील फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून काढावा. दोन, गावात कोणी जामीन राहणार असेल तर त्याने सहीअगोदर तो कागद यांच्याकडून वाचून घ्यावा. तीन, प्रत्येक घरात कर्जाच्या कागदांची एक पिशवी असावी आणि ती घरातल्या बाईला माहीत असावी, कारण नवरा गेल्यावर नोटीस तिच्याच हातात पडते.

कर्जमुक्तीचा लढा आपण रस्त्यावर लढू. पण उद्या सकाळी जो कागद पुढे येणार आहे, तो वाचायला सरकारची वाट पाहायची गरज नाही.