दुर्बीण कशी निवडावी?



आजच्या व्याख्यानाचा विषय छापील पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल, की छापखान्यात नावांची अदलाबदल झाली. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे; त्याने दुर्बिणीवर बोलावे हे कुठले? पण नावांची अदलाबदल झालेली नाही. आम्ही दुर्बिणीवरच बोलणार आहोत. आम्ही काही शास्त्रज्ञ नव्हे. शाळा लवकर सुटली आणि जे शिकलो ते यंत्रापाशी, सभेत आणि वाचनालयात शिकलो. दुर्बिणीचे शास्त्र मात्र आम्ही ठेच लागल्यावर शिकलो, आणि ती ठेच बेचाळीस माणसांच्या पैशांची होती. सबब आपला पैसा वाचावा, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

आधी रविवारविषयी दोन शब्द. रविवारची सुट्टी हिंदुस्थानातल्या कामगाराला आभाळातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा भरवल्या, अर्ज केले. तेव्हा 1890 साली गिरण्यांतल्या माणसांना आठवड्याची सुट्टी मिळाली. मिळालेल्या रविवारचे आपण काय करतो, हा प्रश्न चळवळीने स्वतःला फारसा विचारला नाही. आमच्या काही सोबत्यांनी तो विचारला, आणि नाशिकच्या कारखान्यांतून आम्ही एका रविवारी निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला गेलो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर बंधारा आहे. त्याच्या फुगवट्यात गाळ साठून दलदल झाली, आणि दलदलीत हिवाळ्याला पाखरांची जत्रा भरू लागली. 1986 साली ते अभयारण्य झाले आणि पुढे रामसर यादीत आले. महाराष्ट्रातले त्या यादीतले पहिले ठिकाण तेच.

तिथे गेल्यावर पहिली अडचण कळली. पाखरे आपल्यासाठी काठावर येऊन बसत नाहीत. आठपट मोठे दाखवणारी हातातली जोडदुर्बीण चांगली असते, कोणीही प्रथम तीच घ्यावी. पण तीनशे मीटरवरचा पक्षी तिच्यातून जणू सदतीस मीटरवर बसल्यासारखा दिसतो. तीसपट दाखवणारी दुर्बीण असेल तर तोच पक्षी दहा मीटरवर येतो. चोच वर वळलेली की सरळ, पाय तांबडे की हिरवट, हे कळते. अशी एका डोळ्याने पाहायची, तिकाटण्यावर ठेवायची दुर्बीण बाजारात स्पॉटिंग स्कोप म्हणून मिळते.

आम्ही बेचाळीस जणांनी प्रत्येकी दोनशे रुपये काढले. आठ हजार चारशे जमले. पहिली वर्गणी ज्यांनी दिली, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. आयुष्य ग्राइंडरवर गेलेले, जाड भिंगांचा चष्मा. दुर्बीण आली. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते: नव्वदपट! आम्ही हरखून गेलो.

नांदूरला तिकाटणे लावले, रांग लागली. नव्वदपटीवर दिसत होता एक करडा, थरथरता डाग. मामांची पाळी आली. त्यांनी डोळा लावला, चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि म्हणाले, "दिसलं, दिसलं." मागच्याला जागा दिली. परतताना टेम्पोत ते हळूच आमच्या कानाशी म्हणाले, "का रे, त्या पाखराचे पाय खरंच तांबडे होते का?"

मंडळी, त्यांना काहीच दिसले नव्हते. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून ते दिसले म्हणाले होते. पुढच्या सभेत कोणी म्हणाले, युनियनने पैसे बुडवले. ते खरेच होते. तेव्हा आम्ही ठरवले की ही गोष्ट मुळापासून समजून घ्यायची, आणि जे समजले ते आता सांगतो.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. एक पटीचा, आणि दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. विकणारा पहिला आकडा ओरडून सांगतो. आपण दुसरा पाहायचा, आणि दुसऱ्याला पहिल्याने भागायचे. आमचे भिंग साठ मिलिमीटरचे, पट नव्वद. भागाकार आला मिलिमीटरच्या दोन तृतीयांश. एवढ्या रुंदीची प्रकाशाची शलाका डोळ्यात शिरणार. भर दिवसा आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटर उघडी असते. तिला पुरेसा प्रकाश मिळाला नाही, तर चित्र मोठे होते आणि काळवंडते. आता ऐंशीचे भिंग घ्या आणि वीस पट: भागाकार चार. तीस पट केली तरी अडीचच्या वर. साठ पटीवर मात्र सव्वाच्या आसपास. म्हणजे चांगल्या दुर्बिणीलासुद्धा साठपट हा सणावाराचा दागिना आहे. रोजचा वापर वीस ते तीस पटीचाच. वेतनकराराचा मथळ्यातला आकडा केवढाही असो, कापून हातात काय पडते ते आपण पाहतो ना? हा भागाकार म्हणजे हातात पडणारा पगार.

हा हिशेब दुकानात डोळ्यांनीही पडताळता येतो. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे रोखावी. मागच्या भिंगात प्रकाशाचा एक गोल ठिपका दिसेल. तोच तो भागाकार. ठिपका वाटोळा आणि स्वच्छ असावा. कडेला करड्या सावल्या किंवा चौकोनी कापल्यासारखे दिसले, तर आतल्या लोलकांत काटकसर झाली आहे असे समजावे.

साठ आणि ऐंशी यांत फरक वीसचा दिसतो. पण प्रकाश क्षेत्रफळाने येतो. ऐंशीचे भिंग साठच्या सुमारे पावणेदोनपट प्रकाश घेते. पहाटे आणि सांजवेळी, म्हणजे पाखरे सर्वांत जास्त हालचाल करतात तेव्हा, तो फरक कळतो. उलट ऐंशीची दुर्बीण जड असते. डोंगर चढून जाणाऱ्याने साठ-पासष्टची चांगल्या काचेची घ्यावी. टेम्पोतून उतरून काठावर उभे राहणाऱ्याने ऐंशीची.

आता चष्मेवाल्यांची बाब, आणि हीच आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. मागच्या भिंगापासून डोळा किती दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसते, याचेही एक माप असते. चष्मा वापरणाऱ्याला ते निदान पंधरा मिलिमीटर हवे. सतरा-अठरा असेल तर उत्तम. कमी असेल तर चष्म्यातून फक्त चावीच्या भोकातून पाहिल्यासारखे दिसते. मामांचे तेच झाले होते. चष्मा काढावा, तर डोळ्याचा दोष तसाच उरतो; नजर जवळची की दूरची असेल तर मागचा स्क्रू फिरवून भागते, पण डोळ्याला वाकडा नंबर असला तर भागत नाही, आणि रांगेत दर माणसाला स्क्रू कोण फिरवून देणार? म्हणून दुकानात जाताना नजर तेज असलेल्या पोराला पाठवू नये. सर्वांत जाड चष्मा ज्याचा, त्याला पुढे घालावे. त्याला दिसले, तर सगळ्यांना दिसेल.

दुर्बिणीची मान सरळ असते किंवा वाकडी. युरोपात, अमेरिकेत डोंगरात शिकारीला जाणारे लोक लांबूनच जनावराची शिंगे पारखायला सरळ मानेची दुर्बीण पुष्कळदा पसंत करतात. ती चटकन रोखता येते. आपल्याकडे 1972 सालच्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा प्रश्नच मिटवला, आणि ते बरे झाले. रांगेत उंच-बुटकी, लहान-थोर सर्व माणसे असतील, तर वाकड्या मानेची घ्यावी. ती बुटक्याच्या उंचीला लावता येते. उंच माणसाने थोडे वाकावे. उंचाने वाकणे सोपे आहे, बुटक्याने वाढणे अवघड.

तिकाटण्यावर पैसे वाचवू नयेत. तीसपट चित्र मोठे होते तसा हादराही तीसपट होतो. दुर्बीण लावून नळीवर बोटाने टिचकी मारावी. चित्र चटकन स्थिर व्हावे. तीन-चार सेकंद नाचत राहिले, तर वारा सुटल्यावर काही दिसायचे नाही. आभाळावर दिसणारी विजेची तार पाहावी. तिच्या कडेला जांभळी-हिरवी किनार जितकी कमी, तितकी काच चांगली.

आणि हवेचा दोष दुर्बिणीवर घालू नये. ऊन तापले, की चिखलावरची हवा उकळल्यासारखी हलते. तेव्हा लाखाची दुर्बीणही लाचार होते. आम्ही पहिल्यांदा अकरा वाजता पोहोचलो होतो. आता पहाटे निघतो. दुर्बिणीतून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नये. वेल्डिंगच्या ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्याला हे जास्त सांगायला नको. पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढते, म्हणून घट्ट डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवावी. सदऱ्याच्या टोकाने भिंग पुसू नये. आधी मऊ ब्रशाने धूळ झाडावी.

ही काच घडवणाऱ्यांचीही एक कथा आहे. जर्मनीत जेना गावी कार्ल झाइसने 1846 साली कर्मशाळा काढली. तिथे एर्न्स्ट आबे नावाचा शास्त्रज्ञ आला. त्याचा बाप सूतगिरणीत चौदा-सोळा तास उभा राही, आणि जेवणाचा डबा घेऊन गेलेल्या मुलासमोर यंत्रापाशीच उभ्याने चार घास खाई. मुलगा ते विसरला नाही. कारखाना हाती आल्यावर त्याने आपली मालकी एका विश्वस्त संस्थेच्या स्वाधीन केली, कामगारांना नफ्यात वाटा आणि निवृत्तिवेतन दिले, आणि 1900 साली नवाऐवजी आठ तासांचा दिवस केला. दिवसाचे काम कमी झाले नाही, हे त्याने आकड्यांनी दाखवून दिले. भिंगांचे गणित मांडणारा माणूस आणि आठ तास देणारा माणूस एकच होता. आम्हाला हे वाचनालयात कळले, त्या रात्री आम्ही उशिरापर्यंत जागे होतो.

असो. आम्ही पुन्हा वर्गणी काढली. दरमहा शंभर, वर्षभर. पन्नास हजार चारशे झाले. हिशेब फलकावर लावला. दुकानात मामांना पुढे घातले. त्यांनी तीन दुर्बिणी नाकारल्या, चौथीपाशी थांबले: ऐंशीचे भिंग, वाकडी मान, आणि चष्म्याला जागा. उरलेल्या पैशांत भक्कम तिकाटणे आले.

पुढच्या पौषात नांदूरला उथळ पाण्यात शेकाटे उभे होते. पंचवीसपटीवर लावून दिले. मामा चष्म्यासकट वाकले आणि बराच वेळ उठेनात. मागे रांग खोळंबली, पण कोणी घाई केली नाही. शेवटी ते पाहता पाहताच म्हणाले, "तांबडेच आहेत रे."

ती दुर्बीण आज बाहेर मंडपात तिकाटण्यावर लावून ठेवली आहे. समोरच्या घड्याळाचे काटे त्यातून पाहावेत. चष्मेवाल्यांनी चष्मा काढू नये, आणि दिसले नाही तर संकोच न करता तसे सांगावे.