लांब इंग्रजी शब्द आणि आमचा कान



निमोण्यात इंग्रजी क्रियाविशेषणांवर व्याख्यान कशाला, असे काहींना वाटले असेल. पण आपली मुले रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात, आणि तिथे कागद इंग्रजीत निघतात.

एकदा पगारवाढीच्या बैठकीत आमचीच फजिती झाली. समोरचे गृहस्थ म्हणाले, वाढ 'प्रोस्पेक्टिव्हली' देऊ. आमच्या कानाने 'स्पेक्' तेवढे पकडले. आम्ही 'रेट्रोस्पेक्टिव्हली' समजून मान डोलावली. पहिल्याचा अर्थ यापुढे, दुसऱ्याचा मागील तारखेपासून! मसुदा हाती आला तेव्हा चूक उमगली. थकबाकीचा प्रश्न पुन्हा काढताना आम्हांला किती ऐकून घ्यावे लागले, ते विचारू नका.

असे का व्हावे? मराठीत प्रत्येक अक्षराला आपला वाटा मिळतो. वृत्तात लघुगुरू मोजतो, पण बोलताना जोर सरकला म्हणून शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही. इंग्रजी माणूस एका अवयवावर सारा भार टाकतो आणि बाकीचे अर्धे गिळतो. रे-ट्रो-स्पेक्-टिव्ह-ली यात मुख्य आघात 'स्पेक्'वर. प्रो-स्पेक्-टिव्ह-ली यातही तिथेच. अर्थाचा फरक मात्र शब्दाच्या तोंडाशी, जिथे जोर कमी. कन्-डि-श-न-ली म्हणजे अटीवर, अन्-कन्-डि-श-न-ली म्हणजे बिनशर्त. दोन्हींत आघात 'डि'वर, आणि अट उडवणारा 'अन्' घाईत निसटणारा.

शेवटचा 'ली' सहसा आघात हलवीत नाही; म्हणून आधी मूळ विशेषण शोधावे. ते 'इक्'ने संपत असेल तर आघात बहुधा त्याच्या लगेच आधी येतो : ऑ-टो-मॅ-टिक्-ली. लिहिताना यात सहा अवयव दिसतात, जीभ पाचच उच्चारते. लिहिले तेवढे सगळे म्हणायचे, ही आमची मराठी सवय इथे नडते.

'टेंपररी' हा आपल्या हंगामी कामगारांचा शब्द थोडा खोडकर आहे. त्याचा आघात आरंभी; पण 'टेंपरेरिली' म्हणताना अमेरिकन लोक तो 'रे'वर नेतात. इंग्लंडात दोन्ही उच्चार ऐकू येतात.

आजच्या बहुतेक इंग्रजी कोशांत आघाताची छोटी उभी रेघ त्या अवयवाच्या आधी असते. आम्ही ती पुष्कळ वर्षे नंतरच्या अवयवाची नव्हे, आधीच्याची समजून वाचत होतो! बैठकीत मात्र आता आम्ही 'स्पेक्' ऐकले की लगेच विचारतो, "साहेब, तारीख कोणती?"